माद्रिदला नव्याने येताय? आधी इंग्रजी बाजूला ठेवा

ऑफिसात इंग्रजी चालतं, घर कंपनीच्या माणसाने शोधून दिलेलं असतं, किराणा मोबाइलवरून घरपोच येतो. त्यामुळे माद्रिदमध्ये पहिलं वर्ष स्पॅनिशवाचून फारसं अडत नाही, आणि आपली मंडळी नेमकी इथेच फसतात. ‘जरा बस्तान बसू दे, मग क्लास लावू’ म्हणणारे किती तरी जण मी पाहिले. चार-पाच वर्षांनीही ते फळवाल्याकडे बोट दाखवूनच सफरचंदं घेतात आणि सगळ्या सुट्ट्या आपल्याच माणसांत काढतात. आपली माणसं हवीतच, गणपतीला मलाही तीच लागतात. पण रात्री नळ फुटला की धावून येतो तो समोरच्या दारातला शेजारी, आणि त्याला बहुधा इंग्रजी येत नसतं.

म्हणून आल्या आठवड्यापासून सुरुवात करा. आणि स्पॅनिश इंग्रजीच्या आधाराने शिकू नका, मराठीच्या आधाराने शिका. इथले ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच, जीभ दातांना लावून. तरी आपली मुलं इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड म्हणतात आणि समोरचा गोंधळतो. स्वर पाचच आहेत आणि लिहिलेलं बव्हंशी तसंच्या तसं वाचायचं असतं, तेव्हा वहीत उच्चार सरळ देवनागरीत लिहून ठेवा. ठसक्यातला ‘र्र’ आणि जीभ दातांत धरून काढायचा माद्रिदकडचा ‘थ’, एवढ्या दोन गोष्टी घोटाव्या लागतात. व्याकरणाचंही तेच. ‘मला आंबा आवडतो’ म्हणजे ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मला आंबे आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आंबे अनेक झाले की क्रियापद बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून विचार करणारा इथे आठवडाभर अडकतो. ‘उद्या येते’ म्हणताना आपल्याला ‘मी’ लागत नाही, तसं त्यांनाही लागत नाही. प्रत्येक वाक्याआधी ‘यो’ लावू नका. ‘असणे’साठी मात्र ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. त्यांना वेळ लागतो, तो द्या.

सरावासाठी मंडईसारखी दुसरी शाळा नाही. क्वात्रो कामिनोसजवळची माराबियास मंडई मोठी आहे, पण तुमच्या वस्तीतली लहान मंडईही चालेल. तिथे लोक रांग लावून उभे राहत नाहीत, विखुरलेले दिसतात, पण क्रम प्रत्येकाला पाठ असतो. गाळ्यापाशी गेल्यावर मोठ्याने विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करेल. तो चेहरा लक्षात ठेवा. तुमच्यानंतर आलेल्याने विचारलं की हात वर करून ‘यो’ म्हणा. हे न विचारता नुसते उभे राहिलात तर तुमच्यामागून आलेल्या आज्या पिशव्या भरून निघून जातील, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसेल. नंबर आला की गाळेवाला म्हणेल, ‘दिमे’, म्हणजे सांग. तो तुसडेपणा नाही, इथली रीतच तशी. ‘पोनमे मेदियो किलो दे तोमातेस’ म्हणा, अर्धा किलो टोमॅटो मिळतील. ‘क्वार्तो इ मिताद’ मागितलंत तर ३७५ ग्रॅम, आपल्या जुन्या हिशोबातला दीडपाव. शनिवारची गर्दी टाळा. मधल्या वारी सकाळी, दर आठवड्याला त्याच गाळ्यावर जा. महिनाभरात गाळेवालाच तुमच्या चुका सुधारायला लागतो.

लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, ओळख असो-नसो, ‘ओला’ किंवा ‘बुएनोस दियास’ म्हणायचंच. दुपारचं जेवण होईपर्यंत ‘दियास’, नंतर ‘तार्देस’, आणि जेवण दोन-तीनला असतं हे ध्यानात ठेवा. ‘अहो-जाहो’ची सवय असल्याने आपण सगळ्यांना ‘उस्तेद’ म्हणत सुटतो. माद्रिदमध्ये शेजारी, सहकारी, बऱ्याचदा साहेबसुद्धा ‘तू’वरच असतात. वयस्कर अनोळखी माणसं, पोलीस आणि सरकारी खिडकी यांच्यासाठी ‘उस्तेद’ राखून ठेवा.

शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. हॅम म्हणजे खामोन, आणि तो बऱ्याच लोकांच्या मते मांसात मोडत नाही. ‘सांदविच बेखेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बहुतेक वेळा ट्यूना मासा आणि अंडं असतं. ‘नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन, नि आतून’, म्हणजे मी मांस, मासे, हॅम, ट्यूना खात नाही, हे वाक्य पाठच करा.

आता ज्याने माझा जीव तळमळतो ते. मुलं इथल्या शाळेत काही महिन्यांत बोलायला लागतात, आणि मग आईवडील त्यांना दुभाषी करून दवाखान्यात नेतात. आमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईच्या पाळीच्या त्रासाबद्दल डॉक्टरांना सांगताना मी ऐकली. तिला निम्मे शब्द कळत नव्हते, आई मान खाली घालून बसली होती, आणि ती खरं दुखणं मुलीसमोर बोललीच नाही. कृपा करून असं करू नका. दुखणं कधीपासून, कुठे, कोणती औषधं चालू, हे आदल्या रात्री कागदावर उतरवून न्या. ‘मे दुएले आकी’, म्हणजे मला इथे दुखतंय, आणि बोट ठेवा. तेवढ्यानेही डॉक्टर समजून घेतात. आणि ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे सर्दी झालेला. पोट साफ होत नसेल तर शब्द आहे ‘एस्त्रेन्यिमिएंतो’. इंग्रजीच्या भरवशावर बोललात तर सर्दीचं औषध घेऊन घरी याल.

दुसरी गोष्ट कागदांची. पत्रपेटीत पोस्टाची चिठ्ठी दिसली की त्याच दिवशी वाचा. रजिस्टर पत्र द्यायला पोस्टमन आला आणि तुम्ही घरी नव्हता, असा तिचा अर्थ असतो, आणि ते पत्र पोस्टात मोजकेच दिवस थांबतं. पत्रावर ‘रेकेरिमिएंतो’ लिहिलेलं असेल तर सरकार तुमच्याकडून राहिलेला कागद मागतंय. अर्जातली त्रुटी भरून काढायला साधारण १० ‘दियास आबिलेस’, म्हणजे कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात कागद दिला नाही तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरतात. ऑगस्टमध्ये अर्धं शहर समुद्रावर असतं, पण सरकारी कचेरीच्या हिशोबात ऑगस्टचे दिवसही मोजले जातात. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने ऑगस्टमध्ये आलेली अशी चिठ्ठी जाहिरातींच्या कागदांसोबत ड्रॉवरमध्ये टाकली. बायकोच्या रहिवासी कार्डाच्या नूतनीकरणाची फाइल बंद झाली. पुन्हा सगळं पहिल्यापासून, वकिलाची फी वेगळी, आणि नाशिकला सख्ख्या भावाच्या लग्नाची काढलेली तिकिटं रद्द. वाचता येईना तर पोर्तेरोला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, शेजारणीला, कुणालाही दाखवा. पण त्याच दिवशी.

घराच्या करारावर ‘तेम्पोरादा’ शब्द दिसला तर सही थांबवा. तो हंगामी करार, आणि नेहमीच्या घराच्या करारात भाडेकरूला मिळणारं निदान पाच वर्षांचं संरक्षण त्यात नसतं. पाद्रोनची, म्हणजे नगरपालिकेच्या रहिवासी यादीतली, नोंद आल्याआल्या करा.

क्लासचं म्हणाल तर महागड्या खासगी अकादमीच्या आधी सरकारी भाषाशाळा, ‘एस्कुएला ओफिथियाल दे इदियोमास’, बघा. फी बरीच कमी आणि शिकवणं शिस्तीचं. प्रवेश ठरावीक काळातच असतात, तेव्हा तारखांवर नजर ठेवा. प्रौढ शिक्षण केंद्रांत, म्हणजे ‘थेपा’मध्ये, परदेशी लोकांना स्पॅनिश फुकट शिकवतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या बायकांना मी आधी तिथेच पाठवते, कारण वर्गात मोरोक्को, चीन, युक्रेनच्या बायका भेटतात आणि सगळ्यांची सामाईक भाषा स्पॅनिशच उरते. नागरिकत्वासाठी भारतीयांना १० वर्षांचा रहिवास आणि ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेची ए-२ पातळी लागते. पण त्या परीक्षेची वाट बघत बोलणं लांबवू नका.

बार्सिलोनाला जाणार असाल तर सरकारी शाळेत मुलांचं शिक्षण मुख्यतः कातालानमधून होतं. तिथे स्पॅनिशची एक आणि कातालानची एक, अशा दोन वह्या घाला.