मुलांचं लोकेशन: आधी बोलणं, मग सेटिंग

चोरून अ‍ॅप टाकू नका. मुलांना ते सापडतंच, आणि मग फोन मित्राकडे ठेवून फिरणं सुरू होतं. लोकेशन कधी बघणार (ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला आणि फोन उचलला नाही तर) आणि कधी बघणार नाही, हे आधीच ठरवा. आपलंही लोकेशन मुलांना दिसू द्या. कुरकुर बरीच कमी होते.

एखाद्या संध्याकाळपुरतं हवं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन पुरतं: १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास. आपोआप बंद होतं, म्हणून सुरुवात यानेच करावी.

कायमचं हवं असेल तर मुलाच्या फोनवर, त्याच्याच हाताने, गूगल मॅप्स उघडा. प्रोफाइल फोटो, लोकेशन शेअरिंग, नवीन शेअर. मग मुदत आणि तुमचं नाव निवडा. दोन्ही फोन आयफोन असतील तर त्यातलंच 'फाइंड माय' अ‍ॅप सोपं.

ठिपका हलत नसेल तर घाबरण्याआधी त्याखालची 'शेवटचं अपडेट'ची वेळ वाचा. बहुतेकदा बॅटरी सेव्हरने अ‍ॅप झोपवलेलं असतं. अँड्रॉइडवर मॅप्सला लोकेशनची परवानगी 'नेहमी' द्या, 'अचूक लोकेशन' चालू ठेवा आणि बॅटरीचं बंधन काढा. इमारतीच्या आत जीपीएस क्षीण होतं, फोन वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो; ठिपका शेजारच्या गल्लीत दिसला म्हणून लगेच उलटतपासणी नको. नेट बंद असेल तर जुनीच जागा दिसत राहते.