मृगापूर्वी परसातल्या कोंबड्यांची तजवीज

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि ७ किंवा ८ जूनला मृग सुरू होतो. मधल्या पंधरवड्यात शेतकरी कुटुंबाची सगळी धावपळ बियाणे, खते, घराची शाकारणी आणि सरपण आत घेणे यांत होते, आणि परसातल्या दहा-पंधरा कोंबड्यांकडे पाहायला कोणालाच सवड नसते. खरे तर त्यांच्यासाठी हाच पंधरवडा वर्षातला सर्वांत मोलाचा आहे, कारण पावसाळ्यात कोंबड्या प्रत्यक्ष पावसाने कमी आणि ओल्या खुराड्याने व चुकलेल्या लसीने जास्त मरतात. लस वगळता यातल्या कोणत्याही कामाला फारसे पैसे लागत नाहीत. जे लागते ते बहुतेक माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले असते.

लसीचे काम आधी उरकावे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एकदा वाडीत शिरली की हिरवट हगवण, धाप आणि वाकडी मान दिसू लागल्यावर कोणत्याही औषधाचा उपयोग होत नाही. पिलांना ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा, चौथ्या आठवड्यात तो पुन्हा द्यावा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही लस पंखाखाली टोचून घ्यावी. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात द्यावी. मोठ्या कोंबड्यांना टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध दिले तर लस चांगली लागू पडते. अडचण असते ती वेगळीच. लसीच्या एका कुपीत बहुधा १०० किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि द्रावण तयार केल्यावर ते साधारण दोन तासांत संपवावे लागते, त्यामुळे दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणे कोणालाच परवडत नाही. म्हणून आळीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आगाऊ सांगून ठेवावे, लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी आणि कोंबड्या खुराड्यात असतानाच, भल्या पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर, घरोघरी फिरून ती द्यावी. एका घराने लस टाळली तर दाणे टिपत सगळ्या आळीत फिरणाऱ्या त्याच्या कोंबड्या सर्वांनाच धोका ठरतात. शंका वाटणारी मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावी, आणि मलूल पक्षी घाईघाईने बाजारात नेऊ नये.

खुराड्याचा तळ जमिनीपासून दीड-एक फूट उंच असावा आणि तोंड पूर्वेला ठेवावे, कारण आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. वाऱ्याच्या अंगाला अनेक जण गोणपाट टांगतात, पण ते पाणी धरून ठेवते आणि आठवड्यात कुबट होते. त्यापेक्षा खताच्या रिकाम्या गोण्या स्वच्छ धुऊन, उसवून, दाभण-सुतळीने एकमेकींना जोडून त्यांचा पडदा करावा. खालच्या कडेला बांबूची कामटी ओवली म्हणजे तो वाऱ्याने फडफडत नाही. कीटकनाशकाच्या पिशव्या मात्र कितीही धुतल्या तरी यासाठी वापरू नयेत. पडद्याच्या वर हातभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर विष्ठेचा उग्र वास आत कोंडून पक्ष्यांचे डोळे पाणावतात. तळाला भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले यांचा दोन-तीन इंच थर द्यावा आणि तो दोन दिवसांआड खालीवर करावा. मूठभर तूस हातात घेऊन दाबून पाहावे: मूठ उघडताच ते सुटे झाले तर ठीक, गोळा तसाच राहिला तर थर ओला झाला आहे असे समजून त्यात थोडा चुना मिसळावा किंवा तो बदलावा. लहान पिलांची रक्ती हगवण याच ओलीतून वाढते.

उन्हाळा सरता सरता गावोगावी गोधड्या शिवून होतात आणि त्यांचे कातरलेले तुकडे उरतात. हे तुकडे वाया जाऊ देऊ नयेत. दोन-तीन थर धावदोऱ्याने घट्ट शिवले की अंड्यांच्या टोपलीच्या तळाला अस्तर होते. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांची वेणी घालून चुंबळ केली की गोल बुडाची टोपली कलंडत नाही, आणि त्याच पट्ट्यांचे शिंके आढ्याला टांगले की अंडी मांजरापासून सुरक्षित राहतात. सुटी दशी आणि लोंबणारे दोरे मात्र कापून टाकावेत, कारण ते पिलांच्या पायात अडकून पाय सुजतो आणि कधी कधी कोंबडी ते गिळतेही. अस्तर दर पंधरा दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढून वाळवावे. खुराड्याजवळ आडोशाला फुटक्या घमेल्यात चुलीची कोरडी राख ठेवावी. कोंबड्या तीत मनसोक्त लोळतात आणि उवा-गोचिडांचा त्रास बराच कमी होतो.

पेरणीच्या दिवसांत एक धोका सहसा ध्यानात येत नाही. थायरमसारखे बुरशीनाशक औषध लावलेले बियाणे अंगणात सांडले आणि कोंबड्यांनी ते टिपले, तर मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी पडू लागतात. इतर काही औषधांनी कोंबड्या दगावतातही. बीजप्रक्रिया खळ्यापासून दूर, ताडपत्रीवर करावी आणि उरलेले बी टोपलीत न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवावे. तसेच बुरशी आलेला मका किंवा ओलसर शेंगदाणा पेंड कोंबड्यांना घालू नये. आपण खात नाही ते त्यांना चालेल ही समजूत चुकीची आहे. चांगला पूरक चारा हवा असेल तर जुन्या माठात ओले गोणपाट, थोडे शेण आणि काडीकचरा भरून तो संध्याकाळी वारुळाजवळ पालथा ठेवावा. सकाळपर्यंत त्यात वाळवी जमते आणि पिलांना फुकटात प्रथिने मिळतात. अंड्यांची टरफले भाजून, बारीक कुटून दाण्यात मिसळावीत. अख्खी टाकली तर कोंबडीला अंडी फोडण्याची सवय लागते.

विक्रीचा हिशेब आताच मांडावा. आषाढात गावरान कोंबड्याला चांगली मागणी असते आणि श्रावण लागताच ती पडते, म्हणून जास्तीचे नर आषाढातच काढावेत. श्रावणात अंडीही कमी खपतात, आणि नेमकी हीच वेळ खुडूक, म्हणजे अंडी उबवायला आलेली, कोंबडी अंड्यांवर बसवण्यासाठी साधता येते. तिच्या अंगाखाली मावतील तितकी, साधारण १० ते १२, आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी ठेवावीत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंडे मुठीत धरून त्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावावी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे फळले आहे, आणि आत सगळे स्वच्छ दिसले तर ते काढून घ्यावे. २१ व्या दिवशी पिले बाहेर पडली की पहिला आठवडाभर त्यांना आईसह बुरडाकडच्या डालग्याखाली, कोरड्या जागी ठेवावे. डालग्यावर रात्री गोधडीचा तुकडा टाकावा, पण हवेसाठी एक बाजू उघडी सोडावी. दिव्याची ऊब देत असल्यास बल्ब कापडापासून वीतभर तरी लांब राहील असा पक्का बांधावा. पाणी पसरट थाळीत द्यावे आणि थाळीत चार-पाच धुतलेले खडे टाकावेत, म्हणजे पिले पाण्यात उतरून भिजत नाहीत.