नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदानात उतरण्याची तयारी

या यादीतील पहिले काम शस्त्रक्रियेच्या आधीच उरकायचे आहे, आणि ते म्हणजे आपल्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया होणार आहे हे डॉक्टरांकडून नीट समजून घेणे. वाकडा पडदा सरळ करणारी सेप्टोप्लास्टी, दुर्बिणीतून होणारी सायनसची शस्त्रक्रिया आणि नाकाचा आकार बदलणारी ऱ्हायनोप्लास्टी या तिन्हींना घरात ‘नाकाचे ऑपरेशन’ असेच म्हटले जाते. परंतु ऱ्हायनोप्लास्टीत बरेचदा नाकाची हाडे कापून पुन्हा बसवली जातात, त्यामुळे खेळाकडे परतण्याची मुदत तिघींसाठी सारखी नसते. डॉक्टरांना आपला खेळ नावानिशी सांगावा. ‘व्यायाम करतो’ एवढ्याने भागत नाही, कारण सायकल चालवणारा, वजने उचलणारा आणि कबड्डीत चढाई करणारा यांना धोके वेगवेगळे असतात. धावणे केव्हा, वजने केव्हा आणि अंगाला अंग भिडणारा खेळ केव्हा, या तीन प्रश्नांची उत्तरे घरी जाण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावीत. या लेखातील मुदती सर्वसाधारण आहेत. त्या कागदावर वेगळे काही लिहिले असेल, तर तेच पाळावे.

त्याच भेटीत आपण घेत असलेली सगळी औषधे सांगावीत. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या आणि जिममध्ये सुचवलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही त्यात याव्यात. यांपैकी काय थांबवायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. हृदयरोगासाठी चालू असलेली गोळी रुग्णाने परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर अंग दुखले म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाबाचा त्रास असल्यास तो आटोक्यात आहे याची खात्री करून घ्यावी.

पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात सावकाश चालणे हाच व्यायाम समजावा. झोपताना डोक्याखाली जास्तीची उशी घ्यावी, नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. भरलेली बादली, गॅसची टाकी, कडेवर बसू पाहणारे मूल यांपैकी काहीही उचलू नये. शौचाच्या वेळी कुंथावे लागले तरी डोक्यातील रक्ताचा दाब वाढतो, म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि जेवणात पालेभाज्या व फळे ठेवावीत. डॉक्टरांनी सांगितले असेल तेव्हापासून मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. मात्र ते पाणी उकळून थंड केलेले किंवा डिस्टिल्ड असावे. अशुद्ध पाण्यातील अमिबा नाकातून मेंदूपर्यंत पोहोचून रुग्ण दगावल्याच्या, दुर्मीळ का होईना, नोंदी आहेत.

खरी कसोटी दुसऱ्या आठवड्यात लागते. नाकात आधारासाठी पट्ट्या बसवल्या असतील तर त्या साधारण आठवड्याभरात काढल्या जातात, श्वास एकदम मोकळा वाटू लागतो, दुखणेही कमी झालेले असते, आणि नेमका याच वेळी बूट बांधून बाहेर पडण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते; त्यावरील नाजूक त्वचा अजून पूर्ण सांधलेली नसते आणि आतल्या खपल्या याच काळात सुटू लागतात. दौडीने किंवा जोर-बैठकांनी हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढला, की त्या जागेतून पुन्हा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. श्वास मोकळा झाला याचा अर्थ जखम भरली असा नव्हे, आणि खेळाडूच्या घरच्यांनीही हे ध्यानात ठेवलेले बरे.

दोन आठवडे उलटल्यानंतर, तपासणीत सारे ठीक असल्यास, सपाट रस्त्यावर भरभर चालणे किंवा जागेवरची सायकल हळू वेगाने सुरू करता येते. चालताना सलग बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल, तर वेग जास्त आहे. एका वेळी वेळ किंवा वेग यांपैकी एकच गोष्ट वाढवावी आणि दुसऱ्या दिवशी नाकात रक्त किंवा ठणका नाही हे पाहूनच पुढे जावे. वजने सहसा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास, नेहमीच्या निम्म्याहून कमी भाराने घ्यावीत आणि उचलताना श्वास रोखू नये.

योगाभ्यास करणाऱ्यांना ही यादी विशेष काळजीपूर्वक वाचण्याची विनंती आहे, कारण योग सौम्य असतो या समजुतीने तो सर्वांत आधी सुरू केला जातो. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांत डोके हृदयाच्या खाली जाते; सूर्यनमस्कारातही पुढे वाकावे लागतेच. कपालभाती आणि भस्त्रिकेत नाकातून जोराने हवा सोडली जाते, म्हणजे नाक शिंकरण्याचाच परिणाम होतो. ही आसने, हे प्राणायाम आणि मल्लखांबावरील उलट्या पकडी डॉक्टरांची स्पष्ट परवानगी मिळेपर्यंत पूर्ण बाजूला ठेवाव्यात. शांतपणे बसून संथ श्वास घेण्याला सहसा हरकत नसते.

पोहण्यासाठी किमान तीन-चार आठवडे थांबावे आणि सूर मारण्यासाठी त्याहून अधिक. भर उन्हातला सराव व गडावरची चढाईही लांबणीवर टाकावी, कारण वाटेत रक्त आले तर मदत दूर असते.

सराव सुरू झाल्यावर रक्त आलेच, तर थांबून ताठ बसावे, मान किंचित पुढे झुकवावी, घशात उतरलेले रक्त गिळू नये आणि कपाळावर थंड पट्टी ठेवावी. नाक दाबायचे की नाही हे आधीच विचारून ठेवावे, कारण ऱ्हायनोप्लास्टीनंतर ते दाबणे योग्य नसते. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, दोन्ही नाकपुड्या दुखऱ्या सुजेने एकाएकी बंद झाल्या, ताप आला, दृष्टी अंधुक झाली किंवा वाकल्यावर पाण्यासारखा पातळ द्रव टपकू लागला, तर त्याच दिवशी, वेळ न दवडता, रुग्णालय गाठावे.

कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, बॉक्सिंग यांचा क्रम सर्वांत शेवटी येतो. सेप्टोप्लास्टीनंतर साधारण सहा आठवडे, आणि हाडे कापली गेली असल्यास अनेकदा तीन महिने किंवा त्याहून जास्त थांबावे लागते, कारण एका कोपराच्या धक्क्याने बसवलेला पडदा पुन्हा सरकू शकतो. क्रिकेटमध्ये यष्टीरक्षण आणि फलंदाजाजवळचे क्षेत्ररक्षणही याच गटात धरावे. परतताना आधी काही दिवस धक्का न लागणारा सराव करावा, प्रशिक्षकांना शस्त्रक्रियेची तारीख व परवानगीची मुदत लेखी द्यावी, आणि चेहऱ्याचे संरक्षक कवच वापरायचे असल्यास ते नाकाच्या दांड्यावर न टेकता कपाळ व गालांवर टेकते ना, हे डॉक्टरांना दाखवून घ्यावे. स्पर्धा जवळ आली म्हणून ही मुदत कमी करण्याचा आग्रह संघातील कोणीही धरू नये.