थंडीतला तात्पुरता निवारा: ऊब घालवणाऱ्या या चुका टाळा

छपरावर सगळा जीव ओतायचा आणि जमिनीकडे बघायचंही नाही! ही चूक इतकी सर्रास दिसते, की कुणाचाही निवारा पाहताना मी आधी अंथरुणात हात घालतो. एका हिवाळी शिबिरात एका मुलाने दुपारभर खपून छपरावर कमरेएवढा पाला चढवला. अंगाखाली मात्र जेमतेम वीतभर पसरला आणि ‘एवढं पुरे’ म्हणून मोकळा झाला. मध्यरात्री त्याचे दात वाजलेले बाहेर ऐकू येत होते. टॉर्च मारून पाहिलं, तर पाला दबून बोटभर उरलेला आणि खाली गार, ओलसर माती. छपरावरचाच पाला उपसून त्याच्याखाली भरला, तेव्हा कुठे हुडहुडी कमी झाली.

मी आधी बारीक फांद्या आडव्या-उभ्या टाकतो, त्यावर पाला किंवा गवत. मग स्वतः आडवा होऊन दाबतो आणि पुन्हा भरतो. दबल्यावर वीतभर उरला पाहिजे, दबण्याआधी नव्हे. कंटाळा येतो, पण इथे घाई करणाऱ्याला जमीन रात्रभर सोडत नाही.

दुसरी चूक, हाताला लागेल तो ओला पाला भरणं. ऊब धरून ठेवते ती पाल्यात अडकलेली स्थिर हवा. पाणी हवेच्या सुमारे 25 पट उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओल्या ढिगाचा उपयोग फारच थोडा. वरचा थर बाजूला सारून खालचा कुरकुरीत पाला शोधा. पडलेल्या गवतापेक्षा उभं वाळलेलं गवत बहुधा कोरडं मिळतं. आणि छपरावरचा पाला थोपटून घट्ट करू नका, हवाच निघून जाते.

ऐसपैस जागा नको. कूस बदलता आली की झालं. दाराला पाल्याने भरलेली सॅक लावा. चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट (अंगाची उष्णता परत फेकणारी पातळ चकचकीत चादर) जमिनीवर नुसतं अंथरून काही होत नाही, त्याला हवेची फट लागते. घाम फुटेपर्यंत काम करू नका, ओले कपडेही ऊब घालवतात.

बर्फाच्या निवाऱ्यात ऊब टिकावी म्हणून हवेचं भोक बुजवणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. आत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो. भोकात एक काठी खुपसून ठेवा. रात्री बर्फ साचला की आतूनच हलवून वाट मोकळी करता येते.