साइडकार जोडताय? या चुका टाळा

मोटरसायकलच्या बाजूला साइडकार जोडून तिसरं चाक आलं की गाडी पडायची भीती गेली, म्हणजे चालवणं सोपं झालं, असं वाटतं. होतं उलटंच. साइडकारवाली गाडी वळणात कलत नाही. हँडल जिकडे फिरवाल तिकडे जाते. दुचाकीवर वेगात डावीकडे वळताना आपण नकळत हँडलचं डावं टोक पुढे ढकलतो. इथे तसं केलंत तर गाडी सरळ उजवीकडे निघते. म्हणून पहिल्या दिवशी नवख्यापेक्षा जुना रायडरच जास्त चुकतो.

निवडताना लोक सीट आणि रंग बघतात. बघायचे ते जोड. भक्कम जोडणीला साधारणपणे चार ठिकाणी आधार लागतो, आणि आजच्या बऱ्याच अवजड मोटरसायकलींच्या फ्रेमला खाली नळ्याच नसतात, इंजिनच फ्रेमचं काम करतं. अशा गाडीला आधी सबफ्रेम, म्हणजे जोड बसवायला वेगळा आधाराचा सांगाडा, बनवून घ्यावी लागते. दिसेल तिथे क्लॅम्प आवळून काम भागवू नका.

आता सेटिंग. बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं आणि दोष मात्र रस्त्याला दिला जातो. साइडकारचं चाक पुढच्या बाजूला किंचित आत वळलेलं हवं, साधारण 10 ते 25 मिमी. मोटरसायकल साइडकारपासून बाहेर एखाद-दोन अंश झुकलेली हवी. आणि साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत नको, थोडं पुढे हवं. हे सगळं रिकाम्या गाडीवर मोजणं ही नेहमीची चूक. स्वार बसल्यावर स्प्रिंगा दबतात आणि मापं बदलतात. नेहमीचं वजन ठेवूनच मोजा.

सरळ रस्त्यावर गाडी सतत साइडकारकडे ओढते? बाहेरचा झुकाव थोडा वाढवून बघा. टायर भराभर झिजतोय? चाक जास्तच आत वळलं असेल. कमी वेगात हँडल थरथरत असेल तर स्टिअरिंग डँपर (हँडलचे झटके शोषणारा दट्ट्या) बसवा, पण त्याआधी टायरची हवा आणि हँडलचे बेअरिंग तपासा. हँडल फार जड लागत असेल तर उपाय पुढच्या फोर्कच्या ट्रेलमध्ये आहे, म्हणजे हँडलच्या आसाची रेषा जमिनीला टेकते ती जागा आणि टायर टेकतो ती जागा यांतल्या अंतरात; ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

थ्रॉटल दिला की गाडी साइडकारकडे ओढते, आणि साइडकारला ब्रेक नसेल तर ब्रेक दाबल्यावर उलट बाजूला. हा बिघाड नव्हे. अवजड गाडीला मात्र साइडकारचाही ब्रेक असलेला बरा.

सगळ्यात धोक्याचं वळण साइडकारच्या बाजूचं, त्यात तिचं चाक उचलतं. ते उचललं की घाबरून हँडल आणखी वळवू नका. हँडल थोडं सैल सोडा, थ्रॉटल हळू कमी करा. विरुद्ध वळणात जोरात ब्रेक मारला तर साइडकारचं नाक दबतं आणि मोटरसायकलचं मागचं चाक हलकं होतं. सुरुवातीला साइडकारमध्ये 30-40 किलोची वाळूची पोती बांधून रिकाम्या मैदानात इंग्रजी आठच्या (8) आकाराचे फेरे मारा. पोतं नीट बांधा. सुटलेलं पोतं ऐन वळणात घसरलं की साइडकार एकदम हलकी पडते.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे आणि मापं पुन्हा घ्यायची. जोड थोडे बसतातच.