पोवाड्यानंतरचा अभंग बेसूर का होतो? समूहगानाच्या तालमीत या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या हौशी गानवृंदाची गणेशोत्सवातली यादी साधारण ठरलेली असते: गणेशवंदना, दोन अभंग, गवळण, एखादं देशभक्तिगीत, पोवाडा, आणि जत किंवा मिरजेची मंडळी असतील तर एक कन्नड भजन. सुटं घेतलं तर प्रत्येक गाणं बरं उतरतं. एकापाठोपाठ एक लागली की बिघडतात. आधीच्या गाण्याचा सा, त्याची लय आणि आवाज लावायची पद्धत गळ्यात रेंगाळते आणि पुढच्या गाण्यात शिरते. तालमीत नेमका हा सांधाच कोणी घोटत नाही.

पट्टी पेटीवाल्याच्या सोयीने धरणे

पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या कळेवर सा धरायचा ती; सप्तकातली पहिली काळी कळ म्हणजे काळी एक, सहावी पांढरी म्हणजे पांढरी सहा. सगळी गाणी काळी एकमध्ये बसवायची सवय फार आहे, आणि तीच सर्वांत महाग पडते. न शिकलेल्या गळ्याचा सोयीचा पल्ला साधारण एक सप्तक आणि वर तीन-चार स्वर, एवढाच असतो. म्हणून पट्टी ठरवण्याआधी गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कागदावर लिहा. स्त्री-पुरुष एकत्र, एका सप्तकाच्या अंतराने गाणार असतील, तर खालचा स्वर पांढरी सहाच्या आसपास आणि वरचा त्यापुढे दुसऱ्यांदा येणाऱ्या पांढरी दोनच्या पलीकडे नाही, हा हिशेब बहुतेकांना झेपतो. चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातला सा) जात असेल तर सा पांढरी दोनला ठेवा. मध्य षड्जापासून (मधला सा) तार गंधारापर्यंत (वरचा ग) जात असेल तर पांढरी सहा. तेच गाणं पांढरी दोनमध्ये धरलं की तार गंधाराला बायका ओरडतात आणि पुरुष गप्प होतात. पांढरी सहाला पेटीवर बोटं अडखळत असतील तर स्केल-चेंजर पेटी (बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येणारी) आणा, पण गाणं हलवू नका.

पट्टी बदलली की नुसता सा देऊन भागत नाही. पुष्कळ चाली गंधारावर किंवा पंचमावर उठतात. तंबोऱ्याची पट्टी बदला, पंधरा सेकंद कोणी काही बोलायचं नाही, मग पेटीने सा-प-सा आणि शेवटी गाण्याचा पहिला स्वर द्यावा. तो सगळ्यांनी मिटल्या तोंडाने धरायचा आणि मगच शब्द उचलायचा.

पावसाळ्यात तारेचा तंबोरा मात्र तालमीला त्रास देतो. हवेतल्या ओलाव्याने भोपळा-लाकूड हलतं आणि तासाभरात तारा सरकतात. तालमीला इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरा, आणि कार्यक्रमात मिरजेचा खरा तंबोरा हवा असेल तर जवारी (तारांखालची घोडी घासून नाद खुलवणं) महिनाभर आधी कारागिराकडून करून घ्या.

पेटीच्या मागे मागे गाणे

पेटी प्रत्येक स्वर वाजवत असली की वृंद ऐकून गातो, म्हणजे कणभर मागे राहतो. सूर उतरला तरी पेटी तो झाकते. प्रत्येक गाणं आठवड्यातून एकदा फक्त तंबोऱ्यावर म्हणा आणि शेवटच्या ओळीनंतर पेटीचा सा वाजवून ताडून पाहा. संथ अभंगात, विशेषतः एकाच स्वरावर बरेच शब्द येतात तिथे आणि उतरत्या ओळींच्या शेवटी, सूर हमखास खाली येतो. यावर ‘जोर लावा’ हा उपाय नव्हे, त्याने सूर आणखी घसरतो. श्वास संपत आलेला असतो, म्हणून शेजारी-शेजारी बसलेल्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. कोणी कुठे घ्यायचा ते प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

लय गृहीत धरणे

पोवाडा सुरू झाला की लय पळते, अभंगात ती बसकण मारते. चाल लावण्याआधी नुसते शब्द तालात बोला, हाताने टाळी देत. भजनी ठेक्यातला मुखडा (गाण्याची पहिली ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उठत नसेल तर तो कितव्या मात्रेवर आहे हे तोंडी मोजून घ्या, नाहीतर निम्मे लोक एक मात्रा आधी उठतात. रूपक तालातल्या गाण्यात चूक ठरलेली असते: सात मात्रांच्या शेवटी एक जादा थांबा येतो आणि त्याचा आठ मात्रांचा केरवा होतो. तीन-दोन-दोन अशी विभागणी, पहिल्या मात्रेला टाळी नाही, खाली (रिकामा हात). हे दहा आवर्तनं (तालाच्या फेऱ्या) नुसतं बोलून घ्या, तबला नंतर.

पोवाड्यात झीलकऱ्यांची (शाहिराच्या मागे साथ धरणाऱ्यांची) ‘जी जी’ शाहिराच्या शेवटच्या अक्षराला चिकटून यायला हवी. त्यासाठी झीलकऱ्यांनी आपली नव्हे, शाहिराची ओळ पाठ करावी. आणि पंचवीस जणांच्या वृंदात टाळांच्या दोनच जोड्या. जास्त झाल्या की बंद खोलीत शब्द ऐकूच येत नाहीत.

प्रत्येकाची चाल वेगळी

घरी जो तो यूट्यूबवरचं वेगळं गाणं ऐकून येतो, म्हणून मुरक्या (स्वरांच्या झटपट वळणदार हरकती) जुळत नाहीत. ठरवलेल्या पट्टीत, एकाच आवाजात, मुरक्या काढून टाकलेली चाल मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि गटावर तीच पाठवा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ठेवायची असेल तर ती कितव्या मात्रेवर सुरू होऊन कुठे संपते ते लिहा.

कन्नड भजन देवनागरीत उतरवताना ए आणि ओचे ऱ्हस्व-दीर्घ हरवतात, कारण आपल्या रोजच्या लिपीत तो फरक दिसत नाही. कन्नड बोलणाऱ्या सभासदाकडून शब्द तीनदा सावकाश म्हणवून घ्या आणि दीर्घ असेल तिथे अक्षरावर आडवी रेघ मारा. कन्नड येणारा श्रोता ही चूक पहिल्याच ओळीत ओळखतो.

सांध्यांची तालीम न घेणे

शेवटच्या दोन तालमी उभ्याने घ्या. त्यातली पंधरा-वीस मिनिटं फक्त सांध्यांना द्या: एका गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी, टाळ्यांएवढी शांतता, नवा सा, पुढच्या गाण्याची पहिली ओळ, थांबा. सात गाण्यांचे सहा सांधे, प्रत्येक तीनदा. पोवाड्यानंतर अभंग असेल तर मध्ये एक मिनिट निवेदन ठेवा, ताणलेला गळा तेवढ्यात सैल होतो.

मंचावर तरीही सूर अर्ध्या स्वराने उतरलाच, तर पेटीने मोठ्याने मूळ स्वर ठोकू नये, दोन्ही सूर एकत्र फार वाईट लागतात. कडवं संपेपर्यंत पेटी बंद, तबला चालू. मग पेटीने एका आवर्तनाचा मूळ पट्टीतला तुकडा वाजवावा आणि वृंदाने पुन्हा धृपद उचलावं.