बागेला मार्क द्यायला निघण्याआधी

मुलांना घेऊन बागेत जायचं आणि ती बाग मुलांसाठी कशी आहे त्याचे मार्क वहीत लिहायचे, हा आमचा उद्योग. त्याची पहिली तयारी आदल्या रात्रीची आणि ती पिशवीची नाही, वेळेची. पुण्यात महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद असतात आणि चारच्या सुमाराला पुन्हा उघडतात. ‘जेवून दीडला निघू’ म्हणालात तर बंद फाटकापुढे रडारड ठरलेली. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला जोडून बेत असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. प्रत्येक बागेच्या फाटकावरच्या पाटीचा एकदा फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फक्त फोन बघायचा.

मग वही. आमच्याकडे शंभरपानी आहे, थोरलीने (वय पाच) तिच्यावर झोका काढलाय. वही कशाला, तर ‘ती बाग छान आहे’ हे वाक्य कोणाच्याच उपयोगाचं नसतं म्हणून. रोज फिरायला येणाऱ्या आजोबांची छान बाग म्हणजे झाडं, बाक आणि शांतता. माझ्या अडीच वर्षांच्या धाकट्याची छान बाग म्हणजे जिथे कोणी ‘उतर खाली’ म्हणत नाही ती. म्हणून पानाच्या डोक्यावर आधी बागेचं नाव, वार, वेळ, महिना आणि मुलांची वयं लिहायची, मार्क नंतर. संभाजी बागेत मंगळवारी सकाळी आठला धाकट्याला घसरगुंडी एकट्याला मिळते. रविवारी संध्याकाळी सहाला तिथेच रांगेत त्याला ढकलून मोठी मुलं पुढे जातात. बाग तीच, पण मी दोन पानं केलीत. शहराचंही नाव लिहा. कमला नेहरू पार्क पुण्यात एरंडवण्यात आहे आणि मुंबईत मलबार हिलवरही आहे. म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं ते खेळघर, मुंबईतल्या पार्कात. माझ्या नणंदेने फोनवर ऐकलेल्या मार्कांवरून आम्हाला एरंडवण्यात बूट शोधायला लावला होता.

पिशवीत फार भरू नका. पाण्याच्या बाटल्या दोन, एक प्यायची आणि एक साधी, हातपाय धुवायची. एक जुना पंचा हवाच. सकाळी घसरगुंडीवर दव असतं, पावसाळ्यात तळाशी डबकं, आणि टिश्यूने ते पुसत बसलात तर सगळं पाकीट संपतं. दोघांच्याही कपड्यांचा एकेक जोड घ्या, ‘आता ती मोठी झालीये’ असं म्हणून थोरलीचा वगळू नका. बँडेड, टोप्या, संध्याकाळ असेल तर डासांचं मलम. खाऊ कोरडा आणि न चिकटणारा, राजगिऱ्याची वडी किंवा फुटाणे. कित्येक बागांत आत खायला मनाई असते, तेव्हा डबा फाटकाबाहेर उघडायचा. आणि सुटे पैसे.

मुलांच्या पायात पट्ट्याच्या चपला किंवा बूट. ओढणी, टोपीच्या लोंबत्या नाड्या आणि गळ्यातला काळा दोरा घरीच काढा, कारण घसरगुंडीच्या कठड्यात अडकला तर तोच फास होतो. आमच्या आजीला हे पटवायला दोन आठवडे लागले. शेवटी दोरा मनगटावर आला.

पिशवीत शिवणाची टेपही असू द्या. बागेत पोचल्यावर पहिली पाच मिनिटं मुलं दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देऊन एक फेरी एकटीने मारायची असते, तेव्हा ती लागते. घसरगुंडीवर हाताची मागची बाजू दहा आकडे होईपर्यंत टेकवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचीच काय, फायबरचीही इतकी तापते की हात ठेववत नाही. कठड्याच्या गजांमधली फट मोजा. साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट वाईट, कारण त्यातून लहान मुलाचं अंग जातं पण डोकं अडकू शकतं. खाली काय आहे ते पाहा. चार फुटांवरून पडणाऱ्यासाठी सुमारे ९ इंच वाळू हवी, असं अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाचं मार्गदर्शन सांगतं. आपल्याकडे वाळू कडेला ढीगभर असते आणि नेमकी घसरगुंडीच्या तोंडाशी, जिथे प्रत्येक मूल आदळतं, तिथे खाली कडक जमीन दिसते. रबरी लाद्या असतील तर त्यांचे उचललेले सांधे बघा, धाकट्याची पहिली ठेच तिथलीच. झोक्याच्या साखळीचे आकडे उघडलेत का, तेही.

आणि एक गोष्ट स्वतःला बजावून जा, कारण मीही ती करत होते: लहानग्याला मांडीवर घेऊन घसरायचं नाही. त्याचा बूट कडेला अडकतो, आपल्या वजनाने आपण पुढे जातो आणि पाय त्याचा मोडतो. एकटा घसरता येत नसेल तर ती घसरगुंडी अजून त्याची नाही. वहीत तसंच लिहा.

स्वच्छतागृह आधीच, गरज पडण्याआधी, बघून ठेवा. कडी, पाणी, उजेड. माझ्या वहीत त्याला दुप्पट वजन आहे, कारण सुंदर बागेतूनही आम्ही कडीला कुलूप बघून पंधरा मिनिटांत परतलोय. सावली आणि बाक एकदमच मोजते: ज्या बाकावरून झोका आणि घसरगुंडी दोन्ही दिसतात असा एक तरी बाक सावलीत आहे का, एवढंच.

पेशवे पार्काचं पान मात्र मला प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. तिथली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, १९५६ पासूनची. माझी आई तिच्यात बसली, मी बसले. तिला मार्क देताना हात सैल सुटतो, म्हणून मी पुढे कंसात ‘घरची’ असं लिहिते. जाण्याआधी गाडी चालू आहे ना याची चौकशी करा. आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांनी मुलांना वाघाचं आमिष दाखवलेलं नाही ना, याचीही. तिथले प्राणी केव्हाच कात्रजला गेले.

निघण्याची तयारी पोचतानाच करावी लागते. ‘अजून पाच मिनिटं’ मुलांना कळत नाहीत, ‘अजून पाच घसरगुंड्या’ कळतात, आणि मोजणी थोरलीकडे दिली की भांडण अर्धं कमी. एरंडवण्यातल्या कमला नेहरू पार्काबाहेर भेळेच्या गाड्या आहेत, त्या आधी जाहीर करू नका, पाचव्या घसरगुंडीनंतर करा.

मुलांचे मार्क फाटकाशी विचारू नका. तिथे प्रत्येक बाग दहापैकी दहा असते, नाहीतर घरी जायचं म्हणून शून्य. मी दुसऱ्या दिवशी दुधाच्या वेळी विचारते, परत जायचं का, आणि जाऊन आधी काय खेळायचं. गेल्या सोमवारी धाकटा म्हणाला, ‘नळ.’ त्या बागेचा एक नळ गळतो. मी देखभालीला दहापैकी तीन दिले होते. त्याच्या रकान्यात दहा लिहिले.